झोहो इन्व्हॉइस: तासावर काम करणाऱ्याचा दोन वर्षांचा अनुभव, बेळगावातनं

तास मोजून बिल करायचं हे ॲप दोन वर्षं होत आली वापरतोय, आता लिहायला हरकत नाही. आधी माझं काम काय ते सांगतो, कारण ॲप चांगलं की वाईट हे ज्याच्या त्याच्या कामावर असतं. मी कॅड ड्रॉइंग करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर मशीनच्या भागांची. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्या (ओतकामाचे कारखाने), मच्छेतली दोन-तीन मशीन शॉप, राज्याच्या हद्दीपलीकडं शिनोळीतली युनिट्स, अधनंमधनं कोल्हापूर आणि गोव्यात वेर्णा. कास्टिंगचं (ओतीव भागाचं) थ्रीडी मॉडेल, पॅटर्नचं (ज्यावरनं वाळूचा साचा करतात तो नमुना) आणि कोअर बॉक्सचं (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, ज्यात करतात ती पेटी) ड्रॉइंग, जुन्या निळ्या प्रिंटा आणून देतात त्यावरनं नवीन ड्रॉइंग, असलं सगळं. रेट तासावर, सध्या ६०० रुपये.

तासावर रेट म्हटलं की लोकांना वाटतं सोपं आहे, तास मोजायचे आणि गुणायचे. पण मोजणंच तर अवघड आहे. सकाळी एकाचं पंप हाउसिंग उघडून बसलेलं असतं, तेवढ्यात दुसऱ्याचा फोन, काय करूलास, मोकळा आहेस काय, कालच्या ड्रॉइंगमधला बोअर (आतलं भोक) दोन एमएमनं वाढवायचा आहे, पाच मिनिटाचं काम आहे, जरा बघ की. आता बोअर वाढवला की कोअर बदलतो, कोअर बदलला की कोअर बॉक्स बदलतो, भिंतीची जाडी परत तपासावी लागते, सेक्शन व्ह्यू परत काढायचा, रिव्हिजन नंबर टाकायचा, पीडीएफ काढून पाठवायची. पाऊण तास जातो, कधी सव्वा तास. आणि महिन्याच्या शेवटी डायरी उघडली की त्या पाऊण तासाचा मागमूस नसतो, कारण फोन ठेवून लगेच परत पंप हाउसिंगला लागलेलो असतो. डायरीत काय लिहिलेलं असायचं तर 'मच्छे, करेक्शन'. किती वेळ, कुठलं करेक्शन, कोणी सांगितलं, काही नाही. मग अंदाजानं दोन तास लावायचे आणि मनातल्या मनात कमी करून दीड करायचे, कारण मालक विचारेल कशाचे दोन तास.

हे जे मनातल्या मनात कमी करणं आहे ना, तासावर काम करणाऱ्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान त्यात आहे. रेट कमी असल्यानं होत नाही तेवढं त्यानं होतं. टायमर लावून काम करायला लागलो त्या पहिल्याच महिन्यात साडेनऊ तास असे निघाले जे डायरीवरनं बिल केलं असतं तर मी लावलेच नसते. ६०० नं गुणा, ५,७०० रुपये होतात. एका महिन्याचे.

डायरी आणि ॲप यांच्या मधी स्प्रेडशीटचा एक काळ होऊन गेला, तो सांगायलाच पाहिजे कारण अजून कितीतरी जण त्यातच आहेत. स्प्रेडशीटमधी १:४५ लिहिलं की ते आपल्याला पावणेदोन तास दिसतं, पण शीटच्या पोटात तो दिवसाचा हिस्सा असतो. म्हणजे १:४५ गुणिले ६०० केलं तर १,०५० येत नाही, ४३.७५ येतं, २४ नं परत गुणावं लागतं. हे कळलं मला, तेवढं दुरुस्त केलं. पण दुसरी गोष्ट कळायला महिना लागला. तासांची बेरीज २४ च्या वर गेली की साध्या टाइम फॉरमॅटमधी ती परत शून्यापासनं दिसायला लागते, ३१ तास झाले तर शीट ७:०० दाखवते. आत आकडा बरोबर असतो, दिसायला चुकीचा. मी दिसलेला आकडा बघून बिल टाइप केलं. नशिबानं ती पार्टी जुनी, त्यांच्या अकाउंटंटनीच फोन केला की गेल्या महिन्यात तुम्ही रोज संध्याकाळी आमच्याकडं होता आणि बिल सात तासाचं कसं. त्या माणसाचे उपकार आहेत. फॉरमॅटमधी तासाच्या अक्षराला चौकोनी कंस घातला, [h]:mm असा, की हा प्रश्न सुटतो, शीटवरच राहणार असाल तर एवढं तरी करून घ्या.

आणि तिसरी भानगड दशांशाची. हातानं बिल करताना मी १ तास ४५ मिनिटं हे १.४५ असं लिहिलं होतं, समोरच्यानं १.४५ ला ६०० नं गुणलं आणि ८७० रुपये दिले. पावणेदोन तास म्हणजे १.७५, १,०५० रुपये. त्यानं फसवलं असं नाही, लिहिलं तेच गुणलं.

मग एक बाहेरदेशी ॲप घेतलं, नाव घेत नाही, टायमर त्याचा छान होता पण पैसे महिन्याला डॉलरमधी आणि बिलावर टॅक्सचा एकच रकाना. सीजीएसटी (केंद्राचा), एसजीएसटी (राज्याचा) वेगळे दाखवायचे तर नाना खटपटी. तीन महिन्यात सोडलं. त्यानंतर आमच्या टॅक्सवाल्या साहेबांनी झोहो इन्व्हॉइस सांगितलं. झोहो म्हणजे आपली चेन्नईची कंपनी, १९९६ पासनंची, सुरुवातीला ॲडव्हेंटनेट नाव होतं. त्यांचं हे बिलाचं ॲप २०२१ पासनं फुकट आहे. फुकट म्हटल्यावर मला शंका आली, की थोडे दिवस देतील आणि मग पैसे मागतील, पण माझ्याकडनं आजपर्यंत एक रुपया गेलेला नाही. पूर्ण हिशेब, म्हणजे खतावणी, ताळेबंद वगैरे पाहिजे असेल तर त्यांचं वेगळं झोहो बुक्स आहे, ते इन्व्हॉइसमधी शोधू नका. इथं फक्त एस्टिमेट, तास, खर्च, बिल आणि आलेले पैसे.

आता मुख्य गोष्ट, तासाचं बिल कसं होतं. आधी कस्टमर बनवायचा, त्याच्याखाली प्रोजेक्ट, प्रोजेक्टच्या आत टास्क. प्रोजेक्ट बनवतानाच विचारतं की बिल कसं लावणार: ठरलेली एकच रक्कम, का प्रोजेक्टच्या तासावर एक रेट, का प्रत्येक टास्कचा वेगळा रेट, का प्रत्येक माणसाचा वेगळा रेट. एकटा माणूस असाल तर दुसरं चालतं, पण मी तिसरं घेतलं आणि तेच बरोबर पडलं. माझे टास्क चारच आहेत. मॉडेलिंग आणि ड्रॉइंग ६०० नं. रिव्हिजन ६०० नंच, पण वेगळा टास्क, ते का ते पुढं सांगतो. शॉपवर जाऊन माप घेणं ८०० नं, कारण त्या दिवशी दुसरं काम होत नाही. आणि प्रवास ३०० नं. कोल्हापूरला जायचं म्हणजे निपाणीवरनं हायवेनं शंभराच्या वर किलोमीटर, जाऊन येऊन अर्धा दिवस गेला, त्याचे पैसे पूर्ण रेटनं मागायला मलाही बरं वाटत नाही आणि अजिबात न मागणं पण बरोबर नाही. अर्धा रेट आधीच सांगून ठेवला, एकानं पण तक्रार केली नाही. टोल आणि पेट्रोल खर्चात टाकायचं, तिथं पण कस्टमरचं नाव लावून बिलेबल करता येतं, मग बिलात ते आपोआप समोर येतं.

टायमर मोबाइलवर पण आहे आणि कॉम्प्युटरवर पण. मी मोबाइलवरच लावतो, टेबलावर कीबोर्डशेजारी ठेवलेला असतो, फोन आला की बोलता बोलता आधीचा टायमर थांबवायचा आणि फोन ठेवला की दुसऱ्याचा चालू करायचा. लाइट गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला तरी टायमर थांबवायला मोबाइल हातात असतो. ज्या दिवशी टायमर लावायचा विसरतो त्या दिवशी रात्री हातानं नोंद टाकतो, सुरू कधी संपलं कधी किंवा नुसते तास, दोन्ही चालतं. आठवड्याचा एक तक्ता पण आहे, त्यात सातही दिवस एकदम भरता येतात, पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर तो तक्ता वापरू नका. आठवड्याच्या शेवटी भरायचं म्हटलं की परत डायरीच झाली, परत अंदाज, परत मनातल्या मनात कमी करणं.

टायमरपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती नोट. प्रत्येक नोंदीला एक छोटा रकाना असतो, काय केलं ते लिहायला. बरेच जण तो मोकळा सोडतात. मी पण सहा महिने सोडत होतो. बिल जायचं, 'रिव्हिजन, ११ तास', आणि मालकाचा फोन, एवढं काय रिव्हिजन केलंस रे बाबा. मग मी आठवून आठवून सांगणार, तो ऐकून घेणार, आणि शेवटी म्हणणार, बरं आठ कर. आता नोट अशी असते, एक खरीच देतो फक्त पार्टीचा उल्लेख काढून आणि मराठीत करून: 'इम्पेलर कव्हर, आर२ चं आर३. बोअर ६० चा ६२ केला, कोअर बॉक्स बदलला, सेक्शन बीबी परत काढला. सुपरवायझरनी सकाळी फोनवर सांगितलं.' समोर तारीख आणि ५० मिनिटं. असल्या आठ-दहा ओळी बिलाखाली गेल्या की मालक बोलायचं थांबतो, कारण त्याला आठवतं, हो त्या दिवशी फोन केला होता आपणच. एका मालकानं तर ते बिल पुढं ठेवून आपल्याच सुपरवायझरला विचारलं की एकाच ड्रॉइंगची पाच रिव्हिजन का, आधीच नीट माप का देत नाही. त्यानंतर त्यांच्याकडची रिव्हिजन निम्म्यावर आली. म्हणजे माझे तास कमी झाले, पण मला ते आवडलं, रिव्हिजनमधी जीव जातो माणसाचा. रिव्हिजन वेगळा टास्क का म्हटलं ते यासाठी.

नोट कुठल्या भाषेत लिहायची हा आमच्याकडं खरा प्रश्न आहे. मालक मराठी, त्यांचा अकाउंटंट गोकाककडचा, तो फोनवर कानडीत 'बिल कळस्री' (बिल पाठवा) म्हणणारा, गोव्यातल्या युनिटचा माणूस कोकणी, आणि बिल शेवटी बघणार टॅक्सवाला. मी नोटा सोप्या इंग्रजीत लिहितो, शॉपवरचेच शब्द वापरून, बोअर, कोअर, ड्राफ्ट, अलाउन्स, हे शब्द सगळ्यांचेच आहेत. वाक्यं करत बसत नाही.

बिल बनवायला महिन्याच्या शेवटी प्रोजेक्ट उघडायचा, तिथं अनबिल्ड (अजून बिल न केलेले) तास किती आहेत ते दिसतं, इन्व्हॉइस करा म्हटलं की विचारतं कसं दाखवू. पूर्ण प्रोजेक्ट एका ओळीत, का टास्कप्रमाणे, का प्रत्येक नोंद वेगळी. लहान बिलाला प्रत्येक नोंद वेगळी दाखवा, मोठ्या बिलाला टास्कप्रमाणे करा आणि नोंदींचा तक्ता वेगळा जोडा, नाहीतर चार पानांचं बिल होतं आणि अकाउंटंट वैतागतो. एकदा बिलात गेलेले तास परत अनबिल्डमधी येत नाहीत, त्यामुळं एकच काम दोन महिन्यात दोनदा लागणं बंद झालं. डायरीच्या काळात हे माझ्याकडनं एकदा झालं होतं, आणि ते मालकानं पकडलं होतं, त्यानंतर दोन-तीन महिने तो माणूस माझं प्रत्येक बिल पेन घेऊन तपासायचा. तास कमी लावले तर पैसे जातात, जास्त लागले तर नाव जातं.

एक हिशेब करून दाखवतो. उद्यमबागेतली पार्टी, साडेचौदा तास, १४.५ गुणिले ६०० म्हणजे ८,७००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,५६६. पार्टी कर्नाटकातली, मी कर्नाटकातला, म्हणून सीजीएसटी ७८३ आणि एसजीएसटी ७८३, एकूण १०,२६६. आता हेच साडेचौदा तास शिनोळीच्या पार्टीचे असते तर रक्कम तेवढीच, १०,२६६च, पण टॅक्सची ओळ एकच, आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या पार्टीला लागतो तो) १,५६६. शिनोळी माझ्या घरापासनं गाडीवर जेमतेम अर्ध्या तासावर, रस्त्यात कधी हद्द ओलांडली ते पाटी बघितली नाही तर कळत पण नाही. पण शिनोळी चंदगड तालुक्यात, कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. जीएसटी नंबर २७ नं सुरू होणार. आमचा २९ नं. गोव्याचा ३० नं.

आणि यातला खरा घोळ पुढं आहे, आमच्या भागातल्या प्रत्येक सर्व्हिसवाल्यानं हे वाचावं. एकाच मालकाचं एक युनिट उद्यमबागेत आणि दुसरं शिनोळीत असतं. माणूस तोच, राहायला बेळगावात, फोन तोच, चहा पण त्याच केबिनमधी. पण जीएसटी नंबर दोन. मी जुन्या काळात शिनोळीच्या युनिटचं काम केलं आणि बिल उद्यमबागेच्या सवयीनं सीजीएसटी एसजीएसटी लावून दिलं, नंबर मात्र त्यांचा २७ वाला. कारण डोक्यात होतं, मालक बेळगावचा. रजिस्टर्ड पार्टीला सर्व्हिस दिली की ती पार्टी ज्या राज्यात रजिस्टर्ड तेच साधारणपणे सप्लायचं ठिकाण धरतात, मालक कुठं झोपतो त्याच्याशी संबंध नाही. रिटर्न भरल्यावर त्यांच्या अकाउंटंटनी ओरडून सांगितलं की आमच्याकडं क्रेडिट (भरलेल्या टॅक्सची वजावट) बरोबर येत नाही. मग दुरुस्ती, परत पत्रव्यवहार, पेमेंट अडकलं ते वेगळंच. आता झोहोमधी मी त्या एका मालकाचे दोन कस्टमर केलेत, नावापुढं 'उद्यमबाग' आणि 'शिनोळी' असं लिहून, प्रत्येकाला आपापला जीएसटी नंबर आणि प्लेस ऑफ सप्लाय. एकदा ते नीट भरलं की बिल करताना टॅक्स कुठला लागणार ते ॲपच ठरवतं. काम घेतानाच विचारतो, शेट हे कुठल्या युनिटचं, आणि टायमर त्याच कस्टमरखाली लावतो. सुरुवातीलाच चुकीच्या कस्टमरखाली तास पडले तर ॲप काही करू शकत नाही, त्याला तुम्ही सांगाल तेच कळणार.

कोणी म्हणेल तुझी उलाढाल २० लाखाच्या आत असणार, मग जीएसटीच्या भानगडीत पडलासच कशाला. बरोबर आहे, सर्व्हिसला २० लाखापर्यंत रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, आणि २०१७ च्या ऑक्टोबरपासनं दुसऱ्या राज्यात सर्व्हिस देणाऱ्यांना पण ती सूट आहे, म्हणजे नुसतं शिनोळीला काम दिलं म्हणून रजिस्ट्रेशन लागत नाही. मी आपणहून घेतलं, कारण माझ्या पार्ट्या सगळ्या रजिस्टर्ड, त्यांना क्रेडिट मिळतं आणि मला पण सॉफ्टवेअरवर भरलेल्या टॅक्सचं मिळतं. तुमचे गिऱ्हाईक साधे लोक असतील तर घेऊ नका, विनाकारण १८ टक्के महाग दिसाल. आणि रजिस्ट्रेशन नसेल तर बिलावर जीएसटी लावून पैसे घ्यायचे नाहीत, हे पण काही जण करतात, ते गुन्ह्यात जातं.

बिल नंबरबद्दल दोन शब्द. जीएसटीच्या नियमात नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा नको, आर्थिक वर्षात तोच नंबर दोनदा नको, आणि अक्षरं, आकडे, आडवी रेघ, तिरपी रेघ एवढंच चालतं. मला आधी पार्टीचं नाव, प्रोजेक्टचं नाव सगळं नंबरात घालायची हौस होती, ती सोडली. आता वर्ष आणि क्रमांक, बस. ॲपमधी पुढचा शब्द आपण ठरवायचा, नंबर ते आपोआप वाढवतं. एक एप्रिलला सकाळी तो वर्षाचा भाग बदलायचा हे मी कॅलेंडरमधी लावून ठेवलंय. सर्व्हिसचं बिल काम दिल्यापासनं ३० दिवसात निघायला पाहिजे असा पण नियम आहे, त्यामुळं दोन-तीन महिन्यांचं साठवून एकदम बिल करायची जी आपल्याकडं सवय आहे ती तशीही बरोबर नाही. आणि व्यवहारात पण नाही, जानेवारीतलं काम मार्चमधी कोणाला आठवतंय.

पैसे येण्याच्या बाबतीत. बिल ईमेलनं जातं, पण आपल्याकडं ईमेल कोण बघतंय, मी पीडीएफ व्हॉट्सॲपवर पण टाकतो. मुदत संपली की ॲप आपोआप आठवणीची ईमेल पाठवतं, मजकूर आपण लिहून ठेवायचा. मी तो जरा मऊ लिहिलाय, आमच्या इथं ओळखीपाळखीतच धंदा चालतो, लग्नाकार्यात भेटणाऱ्या माणसाला नोटिशीसारखं पत्र जाऊन चालत नाही. पण आठवण जाते हे महत्त्वाचं, फोन करून पैसे मागायला मला फार जड जातं आणि ते काम माझ्या डोक्यावरनं उतरलं. ज्यांचं उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे त्यांनी बिलावर तो नंबर जरूर घाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसात द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसात, आणि २०२३-२४ पासनं मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या कंपनीला त्या वर्षाच्या इन्कम टॅक्समधी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच मिळतो. हे कळल्यापासनं मार्च महिन्यात अकाउंटंट लोक स्वतः फोन करायला लागलेत.

टीडीएसचं (पैसे देतानाच पार्टी कापून घेते तो इन्कम टॅक्स) पण समजून घ्या, नाहीतर पैसे कमी आले म्हणून उगाच भांडण होतं. प्रोफेशनल फी म्हणून एका पार्टीकडनं वर्षाला ५० हजाराच्या वर गेलात की १० टक्के कापतात, ही मर्यादा एप्रिल २०२५ च्या आधी ३० हजार होती. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कापायचं ते मूळ रकमेवर. वरच्या उदाहरणात ८,७०० वर ८७०, म्हणजे हातात ९,३९६. ॲपमधी पैसे आल्याची नोंद करताना टॅक्स कापलाय का असं विचारतं, तिथं टीडीएस टाकला की बिल पूर्ण मिटतं, नाहीतर ते ८७० रुपये बाकी म्हणून वर्षभर दिसत राहतात आणि त्या पार्टीला फुकट आठवणीच्या ईमेल जातात. माझ्याकडनं एका चांगल्या पार्टीला अशा तीन गेल्या, जाऊन माफी मागून आलो.

टायमर बंद करायला विसरणं हे होणारच. एका रात्री जेवायला उठलो तो तसाच झोपलो, सकाळी बघतो तर अकरा तास. नोंद बदलता येते, बदलली. पण महिन्याच्या शेवटी बिल करायच्या आधी सगळ्या नोंदी एकदा डोळ्याखालनं घालायच्या, पाच तासाच्या वरची कुठलीही नोंद दिसली की थांबायचं. पाच तास सलग मी कधी बसतच नाही.

कोणासाठी नाही हे पण सांगतो. नगावर, फुटावर किंवा शब्दावर पैसे घेत असाल तर तासाचा भाग तुमच्या कामाचा नाही, नुसतं बिल करायला वापरा. माझे बाबा लाकडी पॅटर्न करायचे, श्रिंक स्केल घेऊन सागवानावर माप टाकायचे, कास्टिंग आकसतं म्हणून ती पट्टीच मुळात थोडी मोठी आखलेली असते. त्यांचा भाव नगावर. तास कोणी विचारले नाहीत आणि त्यांनी सांगितले नाहीत. एका नगाला तीन वेळा परत रंधा मारला तरी भाव तोच. ठरलेल्या रकमेच्या कामाला सुद्धा मी आता टायमर लावतो, बिलासाठी नाही, पुढच्या वेळी रक्कम किती सांगायची ते कळायला.

ज्यांना आपला डेटा बाहेरच्या सर्व्हरवर नको असेल त्यांच्यासाठी किमाई म्हणून ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) ॲप आहे, आपल्याच सर्व्हरवर बसवायचं, तास पण मोजतं आणि बिल पण काढतं, बिलाचा साचा आपण वर्डसारख्या फाइलमधी बनवू शकतो. माझा एक मित्र सॉफ्टवेअरमधी आहे, तो तेच वापरतो आणि खूश आहे. पण ते बसवायला, अपडेट ठेवायला, बॅकअप घ्यायला जमलं पाहिजे, आणि आपल्या जीएसटीचा साचा तुम्हालाच बसवावा लागणार. मला ते जमणार नाही. डेटाच्या बाबतीत मी एवढंच पाळतो की नोटमधी ड्रॉइंगची मापं, मटेरियलचा ग्रेड असलं काही लिहीत नाही, कोणता पार्ट आणि कितवी रिव्हिजन तेवढंच. मघाची बोअरची नोट ज्यांची होती त्यांना विचारून लिहितो, त्यांना चालतं. काही पार्ट्यांना चालत नाही, त्यांच्या नोटमधी नुसता ड्रॉइंग नंबर.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला तो कामाची मांडणी समजायला मला पंधरा दिवस लागले म्हणून, कस्टमर, प्रोजेक्ट, टास्क, रेट हे सगळं आधी कागदावर काढून मग भरलं असतं तर दोन दिवसात झालं असतं. सुरू करणाऱ्यांनी तसंच करा. सगळ्या पार्ट्यांचे जीएसटी नंबर त्यांच्या सर्टिफिकेटवरनं घ्या, जुन्या बिलावरनं नको, आणि पहिले दोन आकडे बघा. पहिलं बिल स्वतःच्याच ईमेलवर पाठवून मोबाइलवर उघडून बघा कसं दिसतंय. कुणाला टास्कचे रेट कसे ठरवायचे ते विचारायचं असेल तर विचारा, संध्याकाळी सातनंतर सांगतो, त्याच्या आधी कुणाचा ना कुणाचा टायमर चालू असतो.